इन्सुलीहून परत आलेला नवस

मी सर्वांत जास्त ऋणी कोणाचा, असं मला कोणी विचारलं तर मी माझ्या मादीनचं नाव घेतो. मादीन म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाला हातात धरून देवळात उभी राहणारी धर्ममाता. तिचं नाव वेगळं होतं, पण माझ्या तोंडी ते कधी आलं नाही. आई मी अगदी लहान असताना तापाने गेली. तिचा चेहरा मला आठवत नाही. आई म्हटलं की मला मादीनचीच काळी साडी दिसते, आणि काजूच्या चिकाने भाजलेली तिची बोटं.

आमचं घर वेंगुर्ल्याच्या बंदराकडे उतरणाऱ्या एका पाणंदीत होतं. वडील पदेर होते, म्हणजे पाव भाजणारे. घराला लागूनच भट्टी होती. सकाळी आमच्या दाराशी हिंदू, मुसलमान, किरिस्तांव सगळे पावासाठी उभे असत. मादीन समोरच्या घरात एकटी राहायची. तिचा नवरा बोटीवर खलाशी होता आणि तिकडेच कुठेतरी परदेशी बंदरात वारला होता. ती काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायची. काजूच्या सालीचं तेल कातडी जाळतं, म्हणून बायका हाताला राख लावून बसत. तरीही संध्याकाळी ती घरी आली की तिची बोटं काळी आणि सोललेली असत. हात धुवून ती आधी आमच्याकडे येई, माझ्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढी आणि मग चुलीकडे वळे.

लोक बोलायचे. विधवा बाई आणि विधुर पदेर. एकदा रविवारी मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, संपल्यावर चर्चच्या पायरीवर एका बाईने तिला सर्वांसमोर विचारलं, "काय गो, तू मादीन नक्की कोणाची? झिलाची, काय तेच्या बापाशीची?"

मादीनने छत्री उघडत उत्तर दिलं, "बाप्तिझमाच्या पाण्यात हात माजो भिजलो. तुजो सुको ऱ्हवलो म्हणान तू जळतंस."

पायऱ्यांवरच्या बायका हसल्या. मला मात्र लाज वाटली. वडिलांना हे समजलं तेव्हा ते इतके हसले की त्यांना खोकला आला. तो खोकला थांबेना. मला वाटतं, त्यांच्या खोकल्याकडे मी पहिल्यांदा नीट लक्ष दिलं ते तेव्हा.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि क्षय म्हणून सांगितलं. "भट्टी बंद करा. पीठ आणि धूर, दोन्ही तुम्हाला घातक आहेत. अंडी खा, दूध प्या, मोकळ्या हवेत झोपा." भट्टी बंद करायची गरज पडली नाही. पाणंदीत बातमी पसरली आणि ती आपोआप बंद झाली. "पदेराक खोकलो लागलो, आता तेचो पाव खातलो कोण?" हे मी शाळेत जाताना कानांनी ऐकलं. ते बोलणारे वाईट लोक नव्हते. आमच्याच पावावर वाढलेले होते. पण त्यांच्या घरात मुलं होती. वडील दोन दिवस पाव भाजत राहिले, ते विकले गेले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी पीठ मळलं नाही. भट्टीच्या तोंडाशी बसून ते म्हणाले, "मी पिठात खोकत नाय रे. भायर जावन खोकतंय." त्यांना हे कोणाला तरी सांगायचं होतं, आणि ऐकायला मी एकटाच होतो.

मादीनने नवस केला तो त्या दिवसांत. आमच्या पाणंदीच्या टोकाला एक दगडी खुरीस आहे, म्हणजे उघड्यावरचा क्रूस. तिथे संध्याकाळी आम्ही तेर्स म्हणत असू. तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना. तेर्स संपल्यावर तिने खुरसाच्या दगडावर हात ठेवला आणि मोठ्याने, मला आणि तिथे असलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सायबिणी, ह्याका बरो कर. येत्या वर्साक तुज्या फेस्ताक मी म्हापशाक चलत येतलंय. तेल घेवन येतलंय." सायबीण म्हणजे मरियामाता. गोव्यात म्हापशाला तिचं फेस्त, म्हणजे उत्सव, असतं, ईस्टरनंतर काही आठवड्यांनी, उन्हाळ्यात. हिंदू, किरिस्तांव दोघेही जातात आणि मूर्तीला तेल घालतात. आमच्याकडचे लोक पिढ्यान्‌पिढ्या जात आले होते. गोवा आणि आम्ही वेगळे, असं तेव्हा कोणाला वाटत नसे. आमच्या अर्ध्या सोयरिकी तिकडच्याच होत्या.

आणि वडील बरे झाले. अगदी बरे नाही, पण इंजेक्शनं लागू पडली म्हणा किंवा काहीही म्हणा, त्या पावसाळ्यात त्यांचा ताप गेला. ते अंगणात फिरू लागले. एकदा छत्री घेऊन मला शाळेपर्यंत सोडायला आले. मी तेव्हा हायस्कुलात होतो, बाप सोडायला येतो म्हणून मुलं हसतील असं वाटून मी फाटकाच्या अलीकडेच त्यांना थांबवलं. मादीन त्यांना अंगणात चालताना पाहायची आणि म्हणायची, "आता पाय माजे चलूक होयेत."

पण ते एकोणीसशे पंचावन्न साल होतं, आणि गोवा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. सत्याग्रही हद्दीवर गेले, गोळ्या चालल्या, आणि त्यानंतर हद्द बंद झाली. गाड्या बंद, बाजार बंद, माणसं बंद. आमच्या शेजारणीची मुलगी गोव्यात पेडण्याला दिलेली होती. तिचं बाळंतपण झालं हे आईला कित्येक महिन्यांनी कळलं. मादीनला वाटलं, थोड्या दिवसांनी उघडेल. नाताळ झाला. उघडलं नाही. आणि नाताळनंतर वडिलांना पुन्हा ताप येऊ लागला.

इथेच तिच्या मनात ते बसलं. मागितलं ते सायबिणीने दिलं होतं, आपण कबूल केलेलं दिलं नाही, म्हणून दिलेलं परत घेतलं जात आहे. हा विचार आमच्याकडच्या कोणाच्याही मनात आला असता. आपल्या पायांनी आपण गेलो नाही, म्हणून त्या माणसाच्या तोंडून रक्त येतं, असं ती खरोखर समजू लागली.

ती पाद्रींकडे गेली. मी बरोबर होतो. पाद्री वयस्क होते, मंगळूरकडचे, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि समजावलं, "देव सूड घेत नाही. आणि ज्या नवसाला वाट नाही, तो बदलून देण्याचा मला अधिकार आहे. म्हापशाला जाण्याऐवजी तू खुरसाजवळ महिनाभर पूर्ण माळ म्हण. तुझा नवस फिटला."

मादीन म्हणाली, "फादर, शब्द मी तुमका दिल्लंय काय?"

"मला नाही, पण—"

"मगे तुमी तो बदलतल्यात कसो?"

पाद्रींचा चेहरा लाल झाला. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरेच म्हणाले, "घरी जा, बाई. आजाऱ्याची काळजी घे." धर्माच्या नियमाप्रमाणे पाद्री बरोबर होते, हे मी पुढे शिकलो. मादीनचं चुकत होतं. पण ती चूक तिच्याकडून कोणीच काढून घेऊ शकलं नाही.

फेस्त जवळ आलं तेव्हा तिने खोबरेल तेलाची बाटली भरली, बुचाला मेण लावलं, आणि ती निघाली. वडिलांनी मला बरोबर पाठवलं. तिला ते म्हणाले, "तेका ने. वाटेत पडलंस तर उचलूक कोण तरी होयो." सावंतवाडीपर्यंत आम्ही एका ओळखीच्या बैलगाडीतून गेलो, कारण तिचं म्हणणं, नवसाची वाट सावंतवाडीहून धरायची असते. तिथून पुढे ती पायांत काही न घालता चालली.

गोव्याच्या हद्दीवरच्या इन्सुलीच्या नाक्यावर बांबू आडवा होता. दोन पोलीस होते. एक घाटावरचा, एक आमच्याकडचाच.

"कुठं निघालात, बाई?" घाटावरच्याने विचारलं.

"म्हापशाक."

"म्हापशाला? तिकडे पोर्तुगीज आहेत, माहीत आहे का?"

"पोर्तुगिजाकडे माजा काय काम? माका सायबिणीकडे जावचा आसा."

त्याने बाटली हातात घेतली, उजेडात धरली. "ह्यात काय आहे? दारू?"

"दारू गोंयातसून हकडे येता, पोलिसानू. हकडसून थंय कोण कित्याक नेतलो?"

आमच्याकडचा पोलीस मोठ्याने हसला. घाटावरचाही हसला, पण बांबू काही वर केला नाही. परवानगीचा कागद हवा होता, आणि तो आमच्यासारख्यांना मिळत नव्हता. मादीनने मग आमच्याकडच्या पोलिसाला वेगळ्या आवाजात सांगितलं. पदेराचं दुखणं, नवस, बाटली, सगळं. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "बाय, वरसून हुकूम आसा. माजी आवय इली तरी सोडूक गावचा नाय."

"तुजी आवय इली तर तिकाय ह्याच सांग," मादीन म्हणाली.

तिने विचारलं, बाटली तरी कोणाबरोबर पाठवता येईल का. तो म्हणाला, माणूस काय, माशीही जात नाही. मग ती रस्त्याच्या कडेला एका झाडाखाली बसली आणि पलीकडच्या रस्त्याकडे पाहत राहिली. तो रस्ता मोकळा होता. एक कुत्रा बांबूखालून आरामात तिकडे गेला. घाटावरच्या पोलिसाने मला पाणी आणून दिलं. ऊन उतरायला लागलं तशी ती उठली आणि आम्ही परत फिरलो. परतताना ती माळ म्हणत होती. मी उत्तरं देत होतो, पण मनातून चिडलो होतो. ज्या देवाने हद्द घातली त्यालाच पुन्हा हात जोडायचे, याचा अर्थ मला लागत नव्हता.

आम्हाला दारात पाहून वडिलांनी विचारलं, "काय गो, सायबीण घरात नाय होती?"

मादीन हसली. हसता हसता तिने तोंडाला पदर लावला, आणि मग बराच वेळ तो खाली घेतला नाही. ते तेल पुढे वडिलांच्या छातीला चोळण्यात संपलं.

त्यानंतरची दीड वर्षं मी सविस्तर लिहू शकणार नाही. लिहिण्यासारखं त्यात काही घडत नव्हतं. वडील थोडे थोडे कमी होत गेले. मादीन कारखान्यातून येई, थुंकदाणी राखेने घासून स्वच्छ करी, पेज करी, आणि खुरसाकडे जाई. पावसात खुरसापर्यंत कोणी येत नसे, तेव्हा ती आमच्याच ओटीवर तेर्स सुरू करी. दमलेली असायची. माळेच्या मध्येच तिचा आवाज थांबे, मान खाली पडे. वडील आतून ओरडत, "बाय, सायबीण वाट बघता गो." ती दचकून जागी होई आणि जिथे थांबली तिथून पुढे सुरू करी. चुकून कधी मणी गाळला नाही.

मी एकदा म्हटलं की मी शाळा सोडतो, कारखान्याच्या हापिसात पोरगा हवा आहे. तिने मला मारलं नाही, ओरडली नाही. मला खुरसापाशी नेलं आणि म्हणाली, "ह्याका सांग. माका सांगा नुको. हयसर उबो ऱ्हव आनी सांग, शिकणा सोडतंय म्हणान." मी उभा राहिलो. सांगता आलं नाही. घरी आलो आणि बीजगणिताचं पुस्तक काढलं.

वडील गेले ते नाताळच्या आधीच्या दिवसांत, सकाळी. आदल्या दिवशी त्यांना बोलता येत होतं. ते मादीनला म्हणाले, "बाय, आता तो नवस सोड. मी जातलंय. तू कित्याक धरून ऱ्हवतंस?"

ती म्हणाली, "धरलंय म्हणान उबी तरी आसंय."

पुरलं त्या संध्याकाळी तिने तेर्स सुरू केला. मी उत्तर दिलं नाही. ती एकटीच दोन्ही बाजू म्हणत राहिली. संपल्यावर मी बोललो, मी पहिल्यांदाच तिच्यावर ओरडलो, की आता काय उरलं, माणूस तर मेला, आता नवस कोणाचा? ती माळ गुंडाळत म्हणाली, "एक पावसाळो दिल्यान ना? तुका शाळेत पावयलो तेणा. मी मागितलंय ता तिणा दिल्यान. माजा देवचा ऱ्हवला."

मला हे तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटलं आहे असं म्हणणार नाही. पण ही एवढीच जमीन तिच्या पायाखाली होती आणि तिच्यावर ती उभी होती, हे मला त्या दिवशी दिसलं. तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. नवरा नव्हता, मूल नव्हतं, आणि ज्याच्यासाठी झटली तो माणूसही गेला होता. सकाळी ती राख घेऊन कारखान्यात गेली.

मी एस.एस.सी. झालो. ज्या पाद्रींना तिने तसं उत्तर दिलं होतं, त्यांनीच बेळगावला किरिस्तांव मुलांच्या वसतिगृहात माझी सोय लावली आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली. त्यांनी तो प्रसंग कधीच काढला नाही. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. इंग्रजीतून शिकवलेलं मला काही कळत नसे. पहिल्या वर्षी मी नापास झालो. घरी तोंड कसं दाखवायचं, या विचाराने मी बेळगावच्या लष्करी छावणीतल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो. प्रार्थना येईना. मग मी नुसती माळ म्हणायला लागलो, अर्थ न लावता, जशी ती झोपेत म्हणायची तशी. मला शांती मिळाली, प्रकाश दिसला, असं काही नाही. पण माळ संपेपर्यंत बसलो, आणि संपल्यावर उठून पुन्हा नाव घालायला गेलो. पुढची सगळी वर्षं मी अशीच काढली.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. वसतिगृहात मुलांनी फटाके वाजवले. मी आधी मादीनचा विचार केला. पण तोवर तिचे गुडघे गेले होते. भिंत धरून ती चुलीपर्यंत जायची, तेवढंच. तिला रोमन अक्षरं येत, कारण तिचं प्रार्थनेचं पुस्तक त्या लिपीत होतं. त्याच अक्षरांत तिने मला चार ओळी पाठवल्या. फेस्त येतंय, माझे पाय नाहीत, तू जा. जिथून मला परतवलं तिथूनच तेल घेऊन चाल. कागदाच्या मागे सायबिणीशी काय काय बोलायचं ते होतं.

बी.ए.च्या आदल्या वर्षाची परीक्षा संपली होती. मला कॉलेजच्या वाचनालयात तात्पुरतं काम लागलं होतं. मोजकी रजा घेऊन मी गेलो आणि परत बेळगावला येऊन तिला पत्र लिहिलं. निकाल जूनमध्ये लागला, मी पास झालो. ते तिला कळलं. त्यानंतर भर पावसात ती गेली, आणि रस्ते बंद असल्यामुळे मला तिच्या मातीलाही पोचता आलं नाही. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात माझं पत्र होतं, ते मला नंतर मिळालं. तिला स्वतःला वाचता यावं म्हणून ते मी रोमन अक्षरांत, घरच्या बोलीत लिहिलं होतं. इथे मराठीत उतरवतो; सुरुवातीचं ‘बेसांव दी’, म्हणजे ‘आशीर्वाद दे’, तेवढं तसंच ठेवतो.

मादीन, बेसांव दी.

तू सांगितलंस तसं केलं. सावंतवाडीहून मोटारीने इन्सुलीला उतरलो आणि तिथून चाललो. नाका अजून आहे, पण पोलीस दुसरे. एकाने माझं कॉलेजचं कार्ड पाहिलं, पिशवीत हात घातला आणि जा म्हणाला. तू बसली होतीस ते झाड कोणतं, ते मला ओळखता आलं नाही. चपला मी तिथेच काढल्या.

पेडण्याला एका किरिस्तांव घराच्या ओसरीवर झोपायला मिळालं. त्यांनी विचारलं, कोणाचा नवस? मी म्हटलं, माझ्या मादीनचा. त्यांनी जेवायला वाढलं. पुढे नदीवरचा पूल लढाईत मोडला आहे, होडीतून उतरावं लागलं. होडीत बसलो त्याने नवसाला काही बाधा येत नाही, असं तिथल्या म्हाताऱ्या बाईने सांगितलं. तिने चार वेळा असंच केलं आहे म्हणे.

म्हापशाला फार गर्दी होती. रांगेत माझ्यापुढे एक हिंदू कुटुंब होतं, तेही हद्द बंद झाल्यापासून आले नव्हते. माझी पाळी आली तेव्हा मागच्या माणसाने ढकललं. निम्मं तेल सायबिणीच्या पायांवर पडलं, निम्मं माझ्या सदऱ्यावर. तिथल्या माणसाने मला पुढे व्हा म्हणून सांगितलं. तू जे जे बोलायला सांगितलं होतंस त्यातलं मी काहीच बोललो नाही. वेळच मिळाला नाही.

तुला खोटं लिहिणार नाही. मला काही वाटलं नाही. इतकी वर्षं आपण ज्याची वाट पाहिली ते असं एका क्षणात झालं आणि मी बाहेर उन्हात होतो. वाटलं होतं, मनावरून काहीतरी उतरेल. उतरलं नाही. बाबा नाहीत ते नाहीतच.

बराच वेळ पायऱ्यांवर बसलो. पायांना फोड आले होते. मग तुझ्यासाठी खाजं घेतलं. आपल्या पाणंदीतला शिंपी भेटला, त्याच्याकडे दिलं आहे. मऊ आहे, तुझ्या दातांना जमेल.

निघण्याआधी मी पुन्हा आत गेलो. रांग नव्हती त्या बाजूला, लांबूनच उभा राहिलो. बाबांसाठी काही मागितलं नाही. काय मागावं ते कळेना. तुझ्या गुडघ्यांसाठी मागितलं. डॉक्टर काय म्हणाले ते मला ठाऊक आहे, आणि गुडघे बरे होतील असं मला वाटत नाही. तरी मागितलं. तुझ्याजवळ राहून दुसरं काही शिकलोच नाही.

तुझा झील